दस्ती टाकून धरलेली जागा

मी नांदेडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते, त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं. सगळ्या देशानं ती रेल्वे टीव्हीवर पाहिली. लातूरला आमच्या वस्तीतल्या बायकांना मात्र ती बघायला सवड नव्हती, कारण त्या टँकरची वाट बघत बसलेल्या होत्या. टँकरचा दिवस ठरलेला असे, वेळ मात्र कुणाच्या बापाला ठाऊक नसायची. विहाराच्या भिंतीला लागून घागरींची रांग लागायची. घागर ठेवली की नंबर पक्का, तिला कुणी हात लावायचं नाही. पण घागर काही स्वतः जाऊन पाइपाखाली उभी राहत नाही, म्हणून प्रत्येक घागरीमागे एक बाई दिवसभर उन्हात बसायची. त्यांत गुडघे धरलेली माझी आईसुद्धा होती.

माझा मोठा भाऊ त्याच टँकरवर ड्रायव्हर होता. त्याच्याशी बोलता बोलताच मला ते सुचलं. गाडी भरून निघाली की दादानं एका नंबरवर मिस कॉल द्यायचा, आणि त्या नंबरवरून वस्तीतल्या सगळ्या फोनवर एकेक रिंग जायची. रिंग वाजून बंद झाली म्हणजे पाणी निघालं. इंटरनेट नको, महागडा फोन नको, वाचता येण्याचीही गरज नाही. कॉलेजनं मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरवर मी तो प्रोग्रॅम लिहिला आणि तो चालला. बायका कामावर जाऊ लागल्या, रिंग आली की धावत येऊन घागरी भरू लागल्या.

मला ते सगळ्या शहरासाठी हवं होतं. त्यासाठी पाण्याचं बघणाऱ्या साहेबांकडे मी चपला झिजवल्या. साहेब म्हणाले, तुमचं चांगलं आहे, पण असं कुणाचंही ऐकून सगळ्या गाड्यांना कसं लावणार? एखाद्या मोठ्या ठिकाणाहून मान्यता आणा, मग बघू.

आणि मोठं ठिकाण चालून आलं. हैदराबादला तंत्रज्ञानाची मोठी परिषद भरणार होती. तिथं लहान शहरांतल्या प्रयोगांसाठी एक सत्र होतं आणि त्यात मला दहा मिनिटं मिळाली. एवढ्या मोठ्या परिषदेला मी आधी कधी प्रेक्षक म्हणूनही गेले नव्हते. दादाचा फोन आला. "नीट सांग तिथं. साहेबाला मोठ्या लोकाचा कागूद पायजे. तेवढा आणलीस की सगळ्या गाड्याला लावतो म्हणलाय."

रेल्वेत समोर बसलेले दोघं नव्या जिल्ह्यावरून भांडत होते. एकाला आपला तालुका जिल्हा व्हायला हवा होता, दुसऱ्याला स्वतःचा. जिल्हा झाला की कलेक्टर येणार, कलेक्टर आला की पाणी येणार, असा दोघांचाही हिशेब होता. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते, असं आई सांगते. मी झोपेचं सोंग घेतलं.

परिषदेची इमारत काचेची होती आणि आत इतका गारठा की मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. गळ्यात नावाचा पट्टा अडकवून लोक इकडून तिकडे धावत होते. जो तो दुसऱ्याच्या चेहऱ्याआधी त्याचा पट्टा वाचायचा. माझा वाचून झाला की लोक हसून पुढं जायचे. बोलणाऱ्यांसाठी पहिली रांग राखून ठेवली होती, पण कुठली खुर्ची कुणाची ते लिहिलेलं नव्हतं. मी तासभर आधीच जाऊन कडेची खुर्ची धरली. मग बाथरूमला जायची वेळ आली.

आमच्याकडे एसटीत खिडकीतून दस्ती टाकून जागा धरतात. दस्ती म्हणजे साधा हातरुमाल. एकदा ती सीटवर पडली की भांडखोरातला भांडखोर माणूसही तिथं बसत नाही. बसलाच तर सगळी गाडी त्याला उठवते. मी लॅपटॉपची बॅग खुर्चीवर ठेवली, मंचावर दाखवायला आणलेला फोनही तिच्यातच होता, वर दस्ती पसरली आणि निर्धास्त गेले.

परत आले तर बॅग गायब. दस्ती खाली पडलेली, आणि तिच्यावर कुणाच्या तरी बुटाचा ठसा. कुणीतरी मंत्री येणार होते म्हणून सुरक्षेवाल्यांनी हॉल तपासला होता आणि माझी बॅग बेवारस म्हणून उचलून फाटकावर नेली होती. मी फाटकाकडे पळाले. तिथला माणूस आमच्याकडच्यासारखीच दखनी हिंदी बोलणारा, भला होता. पण आयोजकांची चिठ्ठी असल्याशिवाय त्याला बॅग देता येत नव्हती. आयोजक मंत्र्यांच्या मागे होते. चिठ्ठी मिळून, बॅग घेऊन मी धापा टाकत हॉलमध्ये आले तेव्हा माझ्यानंतरचा तरुण बोलत होता. वक्त्या आलेल्या नाहीत, असं माझ्याबद्दल सांगून झालं होतं.

आयोजकांपैकी एक बाई माझ्याजवळ आल्या. फार गोड बोलल्या. शेवटी समारोपात दोन मिनिटं देते म्हणाल्या, पण लॅपटॉप नको, ते तांत्रिक काही नको. दुष्काळातून आलेली स्त्री म्हणून मनातलं बोला. मी म्हटलं, मी दुष्काळ दाखवायला आले नाही, काम दाखवायला आलेय. त्या हसल्या आणि माझा हात थोपटला. मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला. पण साहेबांना कागद हवा होता, म्हणून मी हो म्हटलं.

मंचावर मी मिस कॉलचं सांगायला सुरुवात केली तोच सूत्रसंचालकानं मध्येच तोडलं. त्यानं विचारलं, घरात पाणी नसतं तेव्हा कसं वाटतं?

मी म्हटलं, "तहान लागते."

लोक हसले, मग हसलो याची लाज वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकांना किती वेळ थांबावं लागतं, असं त्यानं पुढं विचारलं. मी खरं तेच सांगितलं. शहरभर दिवस दिवस बसतात, कधी रिकाम्या घागरी घेऊन परत जातात, कारण गाडी कधी येणार ते कुणी सांगत नाही. आमच्या वस्तीत आता तसं होत नाही, हे सांगणार होते, तर घंटा वाजली. सगळा हॉल उभा राहिला. कितीतरी जणांनी माझ्याबरोबर फोटो काढले. प्रोग्रॅम कसा चालतो, हे एकानंही विचारलं नाही. निघताना हातात प्रमाणपत्र पडलं, सहभागाचं. ते सगळ्यांनाच देत होते.

मी लातूरला पोचायच्या आत पेपरात माझा फोटो पोचला होता. लातूरच्या बायका दिवसभर टँकरच्या प्रतीक्षेत, असा मथळा. मिस कॉलचा एक शब्द नाही. साहेबांच्या टेबलावर तोच पेपर होता. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"मॅडम, शहराची अब्रू हैदराबादला नेऊन टांगलीत तुम्ही."

प्रमाणपत्राकडे त्यांनी बघितलंही नाही. त्याच आठवड्यात हुकूम निघाला की ड्युटीवर असताना ड्रायव्हरनं बाहेरच्या कुणाला फोन करायचा नाही. दादाला शहराच्या दुसऱ्या टोकाची गाडी दिली. आमच्या वस्तीच्या गाडीवर नवा माणूस आला. तो हुकमाला घाबरून फोन घरीच ठेवून यायचा.

मी वस्तीत गेले तेव्हा आई भिंतीच्या सावलीला बसली होती. शेजारी आमच्या मागच्या घरातली बाई होती. ती पोरांच्या मेसमध्ये पोळ्या करायची. टँकरच्या दिवशी खाडा होतो म्हणून तिचं काम गेलं होतं, आणि रिंग सुरू झाल्यावर परत मिळालं होतं. तिचे पिठाचे हात धरून मीच एकदा म्हटलं होतं, आता सुटलीस तू. त्या दिवशी ती भर दुपारी तिथं बसलेली होती, म्हणजे काम पुन्हा गेलं होतं. मला ते विचारायची गरज पडली नाही.

तिनं मला जयभीम घातला. मग म्हणाली, "मॅडम, तिकडं काय मागायला गेल्ता तुम्ही?"

मी म्हटलं, सगळ्या शहराला मिळावं म्हणून गेले होते.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बघत हळूच म्हणाली, "आमचं येवढंच होतं की वो. तेवढं तरी ऱ्हाऊ द्यायचं हुतं."