शंभरात आठवं

माझ्या बाळाला पहिले मार्क मिळाले तेव्हा ते पोटात बत्तीस आठवड्यांचं होतं, आणि मार्क होते आठ.

ते मार्क नव्हते, हे मला नंतर नीट कळलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बाळाच्या वजनाचा अंदाज दिला होता, चौदाशे ऐंशी ग्रॅम, आणि त्याच्यापुढे ‘आठवा पर्सेंटाइल’ असं छापलं होतं. मी घरी येऊन ते मोठ्याने वाचलं. माझे सासरे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीस वर्षं मशीनवर उभे राहून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “शंभरात आठ? काठावर पण नाय पास.” ते चिडवत नव्हते, त्यांना खरंच काळजी वाटली होती. आणि मी, पदवीधर बाई, त्यांना समजावून सांगण्याऐवजी तशीच बसून राहिले, कारण मलाही तेच वाटलं होतं.

मी तालुक्याच्या गावात शिकले. वडील बाजार समितीत हमाल होते, आईला सही येत नव्हती. शाळेतल्या एका बाईंनी स्वतःचा जुना शब्दकोश मला देऊन टाकला आणि वडिलांना घरी येऊन सांगितलं, हिला शिकवा. त्या बाईंचे आणि वडिलांचे उपकार मी रोज आठवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पण त्या शिक्षणाने मला एक सवयही लावली. निकाल लागला की आधी आपले मार्क बघायचे आणि लगेच शेजारच्या बाकावरचीचे.

शेजारच्या बाकावर या वेळी माझी धाकटी जाऊ होती.

आम्ही ठाण्याजवळ दिवा गावात एकाच घरात राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर आणि जाऊ. ती माझ्या मागे तीन आठवड्यांनी गरोदर. दहावीला दोनदा बसली, दोनदा इंग्रजीत गेली, मग शिवणकाम शिकली. हसरी, बडबडी, कामाला वाघीण. आमचं डोहाळजेवण सासूबाईंनी एकाच दिवशी केलं होतं. आलेल्या बायका दोघींना शेजारी शेजारी बसवून बघत होत्या. एक म्हणाली, “मोठे, तुझं पोट कुठं लपवलंस गं?” दुसरी जावेला म्हणाली, “तुला जुळी हायत की काय?” सगळ्या हसल्या. जाऊही हसली. मी पदर सारखा केला.

आठवा पर्सेंटाइल कळल्यावर मी अभ्यासाला बसले. दुसरा शब्दच नाही त्याला. वही घातली. सकाळी दोन अंडी, दुपारी मूठभर शेंगदाणे, रात्री दूध, दिवसात किती वेळ डाव्या कुशीवर झोपले, बाळ किती वेळा हललं, सगळं लिहायचं. ऑफिसात मी माल पाठवायचे कागद बघते. तिथल्या बाईंनी समजून घेऊन मला दुपारी तासभर आडवं व्हायला मागची खोली दिली. घरी जावेने माझी कामं न विचारता उचलली. पाणी दिवसाआड यायचं. कळशा भरायचे दोघे भाऊ, पण ते कामावर असले की ती भरायची. मी अडवलं तर म्हणायची, “ताई, तुम्ही पडून राहा. तुमचं बाळ लहान आहे.”

तुमचं बाळ लहान आहे. ती प्रेमाने म्हणायची. मी डाव्या कुशीवर भिंतीकडे तोंड करून ऐकायचे आणि माझ्या मनात जे यायचं ते लिहायला मला आज लाज वाटते. हिला अभ्यास करावा लागत नाही. ही बादल्या उचलते, वडापाव खाते, दुपारी मशीनवर ब्लाउज शिवत बसते, आणि हिचं पोट असं वर आलंय की सासूबाई येता-जाता त्याच्यावरून हात फिरवतात. माझ्या पोटावर हात ठेवताना त्या जरा थांबायच्या, जणू काही मोडेल. सासूबाईंनी दोघींसाठी डिंकाचे लाडू केले होते. एका डब्यातले, एकाच मापाचे. माझे कुठे जात होते कोण जाणे. तिचे मात्र सरळ बाळाला लागत होते.

घरात येणारा प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे यायचा. लाइटची नोटीस, सासऱ्यांच्या गोळ्यांचं पाकीट, शेजाऱ्यांच्या मुलांचे शाळेचे फॉर्म. त्याचा मला अभिमान होता. तर त्या सोमवारी संध्याकाळी जाऊ सोनोग्राफी करून आली आणि पिशवीतून पाकीट काढून तिने माझ्या हातात दिलं. तिची स्वतःच्या डॉक्टरांकडची तारीख दहा दिवसांनी होती.

“ताई, बघा ना. सगळं नीट आहे ना?”

माझे डोळे आधी आकड्यावर गेले. अठ्ठ्याऐंशी.

मला अठ्ठ्याऐंशी कधी कुठल्या विषयात पडले नव्हते, गणित सोडून. मी तो आकडा बघत किती वेळ बसले माहीत नाही. मग खाली वाचलं. बाळाच्या पोटाचा घेर त्याच्या वयाच्या मानाने बराच मोठा. गर्भजल थोडं जास्त. आणि शेवटी एक ओळ, आईची साखर तपासून घ्यावी. ही तपासणी सहाव्या महिन्यात होते. जाऊ तेव्हा माहेरी कोकणात होती आणि तपासणी राहूनच गेली होती. याचा अर्थ काय होऊ शकतो ते मला कळलं. बाळ आईच्या साखरेवर फुगतंय की काय, हे बघायला हवं होतं.

मी कागद घडी करून पाकिटात घातला आणि म्हणाले, “बाळ मोठं आहे. छान आहे.”

पहिलं वाक्य खरं होतं.

मी स्वतःला कारणं दिली. दहा दिवसांनी तिचे डॉक्टर बघतीलच. आपण बोललो तर सगळे म्हणतील, हिचं लहान भरलं म्हणून हिच्या पोटात दुखतंय. खरी कारणं दुसरीच होती. घरात काळजीचं माणूस मी होते. अंडी माझी, मागची खोली माझी, नवऱ्याचा ऑफिसातून येणारा फोन माझा. त्यात मला वाटेकरी नको होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिच्या अठ्ठ्याऐंशीत खोट आहे हे घरात फक्त मला माहीत होतं, आणि ते मला गोड लागत होतं. तोंडात खडीसाखर धरून बसावं तसं मी ते चार दिवस धरून बसले. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून लाडू खायची. मी बघायचे.

शुक्रवारी माझी पुढची सोनोग्राफी होती, ठाण्याला. बाळाला रक्त नीट पोचतंय का तेही या वेळी बघणार होते. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. जाऊ म्हणाली, मी येते. आम्ही रिक्षाने गेलो. खड्डा आला की ती माझ्या पोटापुढे आडवा हात धरायची. तिचं स्वतःचं पोट तिच्या लक्षातच नसायचं.

डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी बराच वेळ मशीन फिरवलं. मी छताकडे बघत होते. माझ्या डोक्यात एकच होतं, आता किती. शेवटी त्यांनी पोटावरचं जेल पुसायला कागद दिला आणि सांगितलं की दोन आठवड्यांत बाळ साडेतीनशे ग्रॅमने वाढलंय आणि रक्तपुरवठा चांगला आहे. मी विचारलं, पर्सेंटाइल?

“सातवा.”

मला रडूच आलं. एवढी अंडी खाऊन एक मार्क कमी. त्या थांबल्या. बाहेर पेशंट बसलेल्या असताना त्यांनी मला पाच मिनिटं दिली, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, “अगं, ही परीक्षा नाही. याच दिवसांची शंभर बाळं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभी केली, तर तुझं सातवं उभं राहील. कुणीतरी सातवं असणारच ना? ते ओळीत कुठे उभं आहे यापेक्षा ते चालतंय का, हे मी बघते. तुझं चालतंय.” मग त्यांनी दर आठवड्याला यायला सांगितलं, बाळाचं हलणं कमी वाटलं तर त्याच क्षणी निघायचं, आणि अडतिसाव्या आठवड्याच्या आसपास आपणच ठरवून बाळंत करू म्हणाल्या.

मी बाहेर आले. जाऊ बाकावर बसली होती. मी रडलेली दिसल्यावर तिने सरकून जागा करून दिली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग चांगलंच आहे की. मला काय कळत नाय बाबा त्यातलं. तुम्ही परवा माझा कागद बघून छान म्हणालात ना, तेव्हापासून मी निवांत झोपते.”

आणि तिने पिशवीतून डबा काढला. दोन लाडू होते. एक तिने माझ्या हातात ठेवला.

मी म्हणाले, “तो तू खाऊ नकोस.”

तिला वाटलं मला दोन्ही हवेत. हसून तिने तिचाही पुढे केला.

“तुझ्या रिपोर्टमध्ये साखर तपासायला सांगितलीय.”

“कुठल्या रिपोर्टमध्ये?”

“सोमवारच्याच.”

ती दिवस मोजायला लागली. अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत गेली. मंगळ, बुध, गुरू, शुक्र. मग लाडू डब्यात ठेवला, झाकण लावलं.

“मग तुम्ही छान का म्हणालात?”

खोटं बोलायला जागा होती. मी नीट वाचलं नाही म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला ते जमलं नाही. मी म्हणाले, “तुझा आकडा माझ्यापेक्षा खूप मोठा होता. मला बघवलं नाही.”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निदान अजून नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

“कसला आकडा, ताई?”

दोन आठवडे मी जिच्याशी शर्यत लावली होती तिला शर्यत आहे हेच ठाऊक नव्हतं.

मी तशीच आत गेले आणि डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, उद्याच करून घ्या, थांबू नका. रिक्षात ती बाहेर बघत बसली होती, पण खड्ड्यांवर तिचा हात पुढे येतच होता. कळवा गेल्यावर एकदाच बोलली. “बाळाला काय झालं असतं तर?” मी मांडीवरचं रिपोर्टचं पाकीट सारखं करत राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साखर जास्त निघाली. फार नाही, पण जास्त. लाडू बंद, भात मोजून, जेवल्यावर गच्चीवर फेऱ्या, आठवड्यातून दोनदा बोटाला सुई. तेवढ्यावर साखर आटोक्यात राहिली. मी वाट बघत होते की घरात आता स्फोट होईल. पण जावेने सासूबाईंना एवढंच सांगितलं की ताईंनी कागद वाचला म्हणून कळलं. सासूबाईंनी ते मजल्यावरच्या सगळ्यांना सांगितलं. शिकलेली सून घरात असावी, असं त्या म्हणत फिरल्या आणि मला मान खाली घालून ते ऐकावं लागलं. जाऊ तेव्हा गवार मोडत होती. तिने वर बघितलं नाही.

माझं बाळ अडतिसाव्या आठवड्यात झालं. मुलगी. दोन किलो दोनशे. रडली लगेच, आणि तासाभरात माझ्या कुशीत आली. एवढीशी होती की पायातले मोजे तिच्या हातात घातले तर कोपरापर्यंत येत. जावेला चार आठवड्यांनी मुलगा झाला, साडेतीन किलोचा. त्याची साखर एक दिवस बघितली, मग दोघांना घरी सोडलं. मी त्याला मांडीवर घेतलं तेव्हा त्याच्या दंडाच्या वळ्यांत माझं बोट बुडलं, आणि हेवा होता तिथेच होता. मला वाटलं होतं तो गेला असेल.

जावेचा मुलगा दीड महिन्याचा झाल्यावर लशीसाठी आम्ही दोघी दोन्ही बाळं घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. माझी दहा आठवड्यांची झाली होती. परिचारिकेने वजनं करून कार्डावर लिहिली. माझी चार किलो शंभर, तिचा चार किलो तीनशे. परतताना रिक्षात दोघंही रडून दमून झोपली. जावेने माझ्या हातातलं कार्ड घेतलं, आपलं शेजारी धरलं, आणि आकड्यांवरून बोट फिरवत बसली. आकडे वाचायला इंग्रजी लागत नाही.

“ताई, तुमची मागच्या महिन्यात किती वाढली?”

“किलोभर.”

“आणि माझा? जन्मल्यापासून?”

“आठशे ग्रॅम.”

तिने कार्डं मिटली. मुलाच्या पायावरचं दुपटं ओढून घेतलं आणि रस्त्याकडे बघायला लागली. ती नजर मी ओळखते. भिंतीकडे तोंड करून मी दोन आठवडे तसंच बघत होते. हे तिच्यात आधी नव्हतं. माझ्यामुळे आलं.

मला सांगता येत होतं. लहान जन्मलेली बाळं भराभर भरून काढतात, मोठी जन्मलेली जरा दमाने वाढतात, आठशे अगदी छान आहे. परिचारिकेने मला नुकतंच सांगितलं होतं. या वेळी मी चार दिवस घेतले नाहीत. पण लगेचही सांगितलं नाही. आधी मला बरं वाटलं. माझी मुलगी मांडीवर जड लागत होती, पहिल्यांदाच जड, आणि ते मला थोडा वेळ एकटीला हवं होतं. वाटेत एक सिग्नल लागला, तो सुटला, मग मी तिच्याकडे वळले आणि म्हणाले, “ऐक गं, तुझाही चालतोय.”