सात जणांना एकदम धाप

सकाळच्या राउंडला मी डायनिंग हॉलमध्ये गेले, तेव्हा सात पेशंट बॅगा भरून ओळीने बसले होते. अंगात स्वेटर, मांडीवर एक्स-रेची पाकिटं. सगळ्यांच्या पुढे व्हीलचेअरवर भिलारेकाका.

"सिस्टर, ॲम्ब्युलन्स बोलवा," ते म्हणाले. "धाप लागली आहे."

"कुणाला?"

"सर्वांना."

शेजारी शेखचाची वॉकर धरून बसल्या होत्या. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. छातीचा काही त्रास नव्हता. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"मलापण लागलीये," त्या म्हणाल्या. "काल रात्रीच ठरलं."

मी वारज्यातल्या एका सेंटरमध्ये नर्सिंग इन-चार्ज आहे. आमचं सेंटर म्हणजे हॉस्पिटल नाही आणि वृद्धाश्रमही नाही. हॉस्पिटलने डिस्चार्ज दिलाय, पण घरी जाण्याइतकी ताकद अजून आलेली नाही, असे पेशंट आमच्याकडे येतात. कुणाला पुन्हा चालायला शिकवायचं असतं, कुणाची जखम भरायची असते, कुणाची औषधं मार्गी लावायची असतात. नातेवाइकांना हे समजावताना माझी दमछाक होते. शेखचाचींना एका वाक्यात समजलं होतं. त्या फोनवर सगळ्यांना सांगायच्या, "मधल्या स्टॉपवर उतरवलंय."

पूर्वी आमचं बिल सरळ असायचं. पेशंट जितका राहील तितकं. मग ज्या मोठ्या हॉस्पिटलकडून आमचे बहुतेक पेशंट येतात, त्यांनी नवा करार पुढे केला. त्याला 'व्हॅल्यू-बेस्ड पेमेंट' म्हणतात. किती दिवस ठेवलं, किती इंजेक्शनं दिली, याला किंमत नाही. पेशंटचं पुढे काय झालं, याला किंमत. हॉस्पिटलच्या डिस्चार्जनंतर महिनाभरात पेशंट पुन्हा तिथेच भरती झाला, तर ते 'रीॲडमिशन'. ते झालं की आमचे पैसे कापणार. नाही झालं तर बोनस. कल्पना म्हणून चांगलीच आहे. निष्काळजीपणाला चाप बसतो.

आमचे ऑपरेशन्स हेड अभिजित सर या कराराने पार धास्तावले होते. माणूस सरळ. पण सेंटर तोट्यात होतं आणि हा करार हातचा गेला असता तर आम्हा सगळ्यांनाच घरी बसावं लागलं असतं. त्यांनी पहिला नियम काढला की कॉरिडॉरमध्ये 'हॉस्पिटल' हा शब्द उच्चारायचा नाही. 'तिकडे' म्हणायचं. दुसरा नियम, ॲम्ब्युलन्सची किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये राहील. ॲम्ब्युलन्स मागच्या बाजूला लावायची, कारण समोर दिसली की पेशंटच्या मनात नाही नाही ते विचार येतात.

भिलारेकाकांच्या मनात विचार यायला ॲम्ब्युलन्स लागलीच नाही. काका भोसरीकडच्या एका कारखान्यात कामगार युनियनचे सेक्रेटरी होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मॅनेजमेंटशी वाटाघाटी केल्या. आमच्याकडे आले ते हार्ट फेल्युअरमुळे. नाव भयंकर वाटतं, पण यात हृदय बंद पडलेलं नसतं. पंप कमजोर झालेला असतो. मग अंगात पाणी साचतं, आधी पायांत, नंतर फुप्फुसांत. मिठाने पाणी आणखी धरून ठेवलं जातं. म्हणून मीठ जवळपास बंद, आणि रोज सकाळी वजन. एकदम वजन वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं.

आल्यानंतर काही दिवसांनी काकांना जरा गरगरलं. ते सहज म्हणाले, "सिस्टर, मला हॉस्पिटलला दाखवावं लागेल का?" मी बीपी बघेपर्यंत अभिजित सर धावत आले. पाठोपाठ शहाळं आलं. संध्याकाळी काकांच्या खोलीत नवा टीव्ही लागला.

काकांनी शहाळं प्यायलं, टीव्ही लावला आणि मला म्हणाले, "सिस्टर, हा मुलगा कशाला घाबरतोय?"

मी त्यांच्या गोळ्या पुढे केल्या. त्यांनी वॉर्डबॉयपासून स्वयंपाकघरापर्यंत चौकशी केली आणि दोन दिवसांत संपूर्ण व्हॅल्यू-बेस्ड पेमेंट समजून घेतलं. मला ते समजायला तीन ट्रेनिंग सेशन लागली होती.

तर त्या सकाळी सात जण बॅगा घेऊन बसले होते. अभिजित सर आले ते अर्धवट इस्त्रीच्या शर्टातच.

"काका, काय प्रॉब्लेम आहे?"

"प्रॉब्लेम नाही. मागण्या आहेत," काका म्हणाले. "जेवणात पापड, लोणचं. चहा दुधाचा, पाण्याचा नव्हे. फिजिओथेरपी दुपारच्या झोपेनंतर. मान्य असेल तर आमची धाप आत्ता थांबते."

"काका, हे ब्लॅकमेल आहे."

"ब्लॅकमेल एकटा माणूस करतो. सात जण मिळून करतात त्याला आंदोलन म्हणतात."

मी सरांना बाजूला घेतलं. "चहा द्या, फिजिओची वेळ बदला. पण काकांना पापड-लोणचं नको. मीठ आहे."

"सिस्टर, पापड खाऊन कुणी तिकडे जातं का?"

"जातं."

सर विचारात पडले. शेवटी तडजोड निघाली. आमच्या डॉक्टर मृणाल मॅडमनी काकांच्या जेवणासाठी कडक सूचना दिली होती, ती तशीच राहील. बाकीच्या सहा जणांना पापड-लोणचं मिळेल. काकांनी लगेच मान्य केलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. स्वतःला काही न मिळणारा करार इतक्या खुशीत मान्य करणारा पुढारी मी तरी पाहिला नव्हता.

आठवड्याच्या आत काकांचं वजन वाढायला लागलं. त्यांचं ताट मी स्वतः बघत होते. मुगाचं वरण, दुधी, बिनमिठाची पोळी. तरी वजन वर. एका दुपारी मी जेवण चालू असताना अचानक हॉलमध्ये गेले. काकांच्या ताटाकडेला पापडांची चवड होती. बाजूच्या वाटीत लोणचं.

"हे काय?"

"वर्गणी," काका म्हणाले. "सभासदांनी दिलेली. युनियन वर्गणीवर चालते, सिस्टर."

मी पापड उचलले. मृणाल मॅडमना कळवलं. त्यांनी औषध वाढवलं आणि काकांना चांगलं सुनावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मॅडम गेल्यावर मला म्हणाले, "तुम्ही पण मॅनेजमेंटच्याच."

मी त्यांच्या घोट्याजवळ अंगठ्याने दाबलं. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. "हे मॅनेजमेंटने केलंय का?" मी विचारलं. त्यांनी पायावर चादर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आडवे होऊ शकत नव्हते. पाठीशी तीन उशा घेऊन ताठ बसले होते. बोलताना वाक्य तुटत होतं. ऑक्सिजन खाली आलेला. मी नळी लावली, मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलेलं पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. मॅडम तासाभरात पोचल्या, छाती तपासली आणि म्हणाल्या, "शिफ्ट करा. लगेच."

काका म्हणाले, "मी जाणार नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. इतके दिवस हा माणूस ऊठसूट ॲम्ब्युलन्स मागत होता.

"काका, आता खरंच धाप लागली आहे."

"म्हणूनच. धमकी... द्यायची असते. वापरायची... नसते. वापरली की... संपली."

तेवढ्यात अभिजित सर आले. त्यांचा चेहरा काकांपेक्षा वाईट दिसत होता. "सिस्टर, पेशंटचीच इच्छा नसेल तर आपण जबरदस्ती कशी करणार? इथेच सोय करू. व्हेंटिलेटर भाड्याने मिळतो. एक आयसीयूचा डॉक्टर बोलावू. जे तिकडे आहे ते इकडे आणू."

"सर, म्हणजे हॉस्पिटलच आणायचं?"

"तो शब्द नको ना, प्लीज."

काकांनी मान डोलावली. "सरांचं... बरोबर आहे."

युनियन आणि मॅनेजमेंटचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, तेही माणूस न हलवण्यावर. मृणाल मॅडमनी सरांकडे हात पुढे केला आणि एवढंच म्हणाल्या, "किल्ली."  सर खाली गेले आणि किल्ली घेऊन आले.  मला त्या क्षणी त्यांचीही दया आली.

पण काका तयार होईनात. शुद्धीवरच्या माणसाला उचलून नेता येत नाही. मी खाली वाकले. "काका, खरं कारण सांगा."

त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "तिथे... मागच्या वेळी... आयसीयूत... बाजूचा माणूस. संध्याकाळी माझ्याशी बोलत होता. सकाळी... दुसराच होता पलंगावर. कुणी काही... बोललं नाही."

आतापर्यंत मी त्यांना हट्टी समजत होते. ते घाबरलेले होते. हॉस्पिटलची धमकी देत होते, कारण तिथे जायची सगळ्यांत जास्त भीती त्यांनाच होती. मी त्यांचा हात धरला, पण बोलायला मला काही सुचेना.

सुचलं शेखचाचींना. त्या वॉकर आपटत दारात येऊन उभ्या होत्या. मागे बाकीचे पाच जण, कुणी काठी घेऊन, कुणी सलाइनचा स्टँड ढकलत.

"सेक्रेटरीसाहेब," चाची म्हणाल्या, "मोठा निर्णय सभा घेते, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

काकांनी मान हलवली.

"मग ही सभा. सेक्रेटरींनी आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जावं. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

सहाही हात वर गेले. एका आजोबांचा उजवा हात लकव्यामुळे वर जात नव्हता, त्यांनी डावा केला. मृणाल मॅडमनीही केला. त्या सभासद नव्हत्या, पण कुणी हरकत घेतली नाही.

काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. "बहुमत आहे," ते म्हणाले. "पण सिस्टर... सोबत येतील."

"येते," मी म्हणाले.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, पोरसवदा डॉक्टरांनी काकांना पटकन ताब्यात घेतलं. काम उत्तम केलं. नाकातोंडावर मास्क, पुन्हा इंजेक्शन, ईसीजी. पहाटेपर्यंत काकांचा श्वास सुरळीत झाला. मी म्हटलं, "ॲडमिशनची फॉर्मॅलिटी करायची ना?"

डॉक्टर घुटमळला. "ॲडमिट नाही करत आहोत. ऑब्झर्व्हेशनमध्ये ठेवतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे ट्रीटमेंट सगळी तीच. बेड तोच. फक्त ते ॲडमिट नाहीत. महिन्याच्या आत परत आलेत ना, ॲडमिट केलं तर रीॲडमिशन म्हणून आमच्याही नावावर लागतं ते."

"म्हणजे ते इथे आहेत, पण आलेले नाहीत."

"एक्झॅक्टली," तो म्हणाला. समजून घेणारं कुणी भेटल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

सकाळी मी घरी पोचले, अंघोळीला पाणी काढलं, आणि काकांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला. ती हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर रडत होती. "सिस्टर, बाबा इथे नाहीत! इथे म्हणतात, भिलारे नावाचं कुणी ॲडमिटच नाही. बाबांचं काय झालं? मला खरं सांगा."

"अगं, ते ठीक आहेत. तिथेच आहेत."

"मग हे नाही का म्हणतात?"

"कागदावर नाहीत. कॅज्युअल्टीत जा, डावीकडे शेवटचा पडदा उघड."

फोन चालूच होता. मला तिची पावलं ऐकू आली. पडदा सरकल्याचा आवाज आला. मग काकांचा खणखणीत आवाज, "अगं रडतेस काय? चहा सांग. इथला चहा पाण्याचा आहे."

मी अंघोळीचं पाणी तसंच ठेवून खुर्चीत बसले आणि एकटीच हसत सुटले. नंतर थोडी रडलेही.

काका तीन रात्री त्या पडद्यामागे 'न येता' राहिले. मग आमच्याकडे परत आले. परत आले असंही म्हणता येईना, कारण कागदावर ते गेलेच नव्हते. पापडाचा प्रश्न युनियनने स्वतःच सोडवला. शेखचाची प्रत्येक जेवणाला काकांच्या शेजारी बसायला लागल्या. कुणी वर्गणी पुढे केली की त्याच्या हातावर चमचा बसायचा. महिना भरला तेव्हा काका काठी घेऊन जिना चढत होते. घरी गेले ते स्वतःच्या पायांनी.

करार टिकला. आमचा रीॲडमिशनचा आकडा शून्य लागला. बोनस मिळाला. हॉस्पिटलचे अधिकारी खास कौतुक करायला आले. अभिजित सरांनी प्रेझेंटेशन केलं, विषय 'पेशंट एंगेजमेंट'. एका स्लाइडवर डायनिंग हॉलचा फोटो होता. सात जण बॅगा घेऊन बसलेले. खाली लिहिलं होतं, 'उत्साही सहभाग.'

एका अधिकाऱ्याने मला विचारलं, "सिस्टर, शून्य रीॲडमिशन! तुम्ही नेमकं काय केलंत?"

"पेशंटला हॉस्पिटलमध्ये नेलं," मी म्हणाले.

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. सरांनी पुढची स्लाइड लावली.

मी इतकंच शिकले. पेशंट परत गेला नाही, याचा अर्थ तो बरा आहे असा नसतो. बरा आहे की नाही, हे त्याला विचारावं लागतं. आणि तो युनियनचा माणूस असेल, तर बाकीच्या सभासदांनाही विचारून घ्यावं.