तळ्याकडचं टोक

शकुनमावशी सबनीस आधी गल्लीच्या आत राहायच्या, आता बाहेर राहतात. घर तेच आहे.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी कोलकात्यात आले, तेव्हा इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्या मला भेटल्या. वय चौऱ्याहत्तर, चालणं ताठ. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलेलं. मराठी बोलता बोलता मध्येच एखादा बंगाली शब्द यायचा आणि तो बंगाली आहे हे त्यांच्या गावीही नसायचं.

त्यांचे यजमान भालचंद्र सबनीस गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत होते. चौऱ्याऐंशी साली कचेरीतल्या अकरा जणांनी मिळून बेहाला उपनगराच्या आतल्या बाजूला जमीन घेतली, प्लॉट पाडले आणि प्रत्येकाने आपल्यातली एक पट्टी सोडून मधून रस्ता काढला. रस्त्याचं एक टोक बसच्या मोठ्या रस्त्याला, दुसरं एका जुन्या तळ्याला. सबनीसांचा प्लॉट तळ्याकडचा, शेवटचा. तिथला तीस पावलांचा तुकडा सगळाच त्यांच्या जमिनीतून गेलेला.

तळ्यापलीकडे मोठी वस्ती. तिथली माणसं बस पकडायला याच गल्लीतून जायची. पहाटे कामाला जाणाऱ्या बायका, मग मासेवाल्या, मग शाळेच्या मुली. "घड्याळ बघावं लागायचं नाही," मावशी सांगायच्या. "पावलांवरून कळायचं किती वाजले ते."

अठ्ठ्याऐंशी साली पालिकेचा माणूस आला होता. रस्ता लेखी आमच्या ताब्यात द्या म्हणाला, म्हणजे तो सार्वजनिक होईल, गटार आणि झाडलोट आमच्याकडे. सोसायटीचे सेक्रेटरी होते भालचंद्रच. त्यांनी नकार लिहून दिला. मावशींनी कारण विचारलं तर म्हणाले, "अगं, उद्या इथून ट्रक जातील. आपला रस्ता आपलाच राहू दे. लोकांना काय, आपण कधी अडवणार आहोत का?"

दोन हजार अकरा साली ते गेले. बाकीची घरंही एकेक करून बिल्डरांकडे गेली आणि तिथे पाच-पाच मजली इमारती आल्या. दोन वर्षांपूर्वी गल्लीत लागोपाठ तीन चोऱ्या झाल्या. कमिटीचा नवा सेक्रेटरी अभिषेक, चांगला मुलगा. त्याची आई दिवसभर घरात एकटी असायची. त्याने दोन्ही टोकांना लोखंडी फाटकं बसवून घेतली.

तळ्याकडचं फाटक मावशींच्या व्हरांड्यातून दिसायचं. फाटक सुरू झालं त्याच दिवशी दुपारी चारला आभा आल्या. आभा सेनगुप्ता शाळेतल्या जुन्या सहशिक्षिका, घर तळ्याच्या पलीकडच्या काठावर. रोज चारला चहाला यायच्या. पहारेकऱ्याने त्यांना थांबवलं. मावशी चपला न घालताच धावल्या.

"अरे, या माझ्याकडे आल्यात!"

"मासीमा, तुम्ही अॅपवर यांचं नाव टाका. यांच्या फोनवर नंबर येईल, तो यांनी मला सांगायचा."

आभांकडे तसला फोन नव्हता. त्यांनी गजांमधून हात घालून मावशींचा हात धरला. "आज राहू दे, शकुनदी," म्हणाल्या आणि काठाकाठाने परत गेल्या. त्यांच्या मागे पिशव्या घेतलेल्या चार बायका उभ्या होत्या, त्याही वळल्या. बसपर्यंतची त्यांची वाट आता अर्ध्या तासाची झाली होती.

मावशींनी बंगळुरूला मुलाला फोन लावला. अजेय म्हणाला, "आई, तू एकटी असतेस. फाटक आहे म्हणून मला झोप लागते."

"तुला लागते रे," मावशी म्हणाल्या. "मला नाही लागत."

मग त्या पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेल्या. तन्मयबाबू नावाच्या अधिकाऱ्याने अठ्ठ्याऐंशीची फाईल काढली. भालचंद्रांचं वळणदार अक्षर मावशींनी किती वर्षांनी पाहिलं. सहीवरून त्यांनी बोट फिरवलं. तन्मयबाबूंनी सगळं समजावून सांगितलं. रस्ता खाजगी आहे. अकरापैकी दहा प्लॉटांचे मालक राजी आहेत आणि सोसायटीत निर्णय बहुमताने होतो. फाटक काढायला लावता येणार नाही.

"आणि माझ्या जमिनीतला तुकडा?"

"तो तुमचा आहे. तुम्ही तो शहराला दानपत्राने देऊ शकता. मग फाटक तिथे राहू शकणार नाही, त्यांना ते मागे घ्यावं लागेल. पण मासीमा, मग तुमचं घर फाटकाच्या बाहेर पडेल. विचार करा."

अभिषेक घरी आला. वाद घालायला नाही, समजूत काढायला. "मासीमा, कमिटी कोर्टात जाणार नाही. पण तुम्ही बाहेर गेलात तर आतल्या रस्त्यावरचा हक्क सोडावा लागेल. एकाला मोकळीक दिली की सगळे मागतील. तुम्हालाच लांबून जावं लागेल. कशासाठी हे?"

मावशींनी त्याला नारळाची वडी दिली. "तुझी आई घाबरते, ते खरं आहे. तुमचं फाटक तुम्ही ठेवा. माझ्या दारात मला ते नको."

मार्चमध्ये दानपत्र झालं आणि मे महिन्यात फाटक तीस पावलं आत सरकलं. वस्तीतल्या लोकांची वाट काही मोकळी झाली नाही, गल्ली त्यांना बंदच राहिली. मोकळं झालं ते एवढंच, की तळ्याकडून मावशींच्या दारापर्यंत कोणीही यावं, चारच्या चहाला आभाही. आणि मावशींना बसला जायचं तर अर्ध्या तासाचा तोच वळसा.

गेल्या थंडीत मी गेले तेव्हा त्या मला बसपासून तळ्याच्या काठाने घरी घेऊन निघाल्या. घराशी न थांबता पुढे फाटकापाशी थांबल्या. आत फरसबंदी झाली होती, कुंड्या एका ओळीत लावलेल्या, माणूस एकही नाही.

"त्या तिसऱ्या इमारतीच्या जागी घोषालांचं घर होतं," त्या म्हणाल्या. "तिथे हे रोज ऑफिसातून येताना सायकलवरून उतरायचे आणि पुढे चालत यायचे. पाच मिनिटांच्या गप्पांना अर्धा तास. मी इथून बघायची. अजेय सायकल शिकला तोही तिथेच, त्या वळणावर पडला." बोट गजांमधून आत गेलं होतं. "सगळं आत राहिलं बघ."

मी विचारलं, "मावशी, पस्तावा होतो?"

"होतो ना. रोज सकाळी जाग येते तेव्हा. कान लागलेले असतात आणि तुकडा देऊनही पावलं काही येत नाहीत. ती आता पलीकडच्या रस्त्याने जातात." गजांमधलं बोट त्यांनी मागे घेतलं. "तो नकार आठवला की यांचा राग येतो. मग वाटतं, त्यांना काय माहीत होतं? आपण अडवणार नाही एवढीच त्यांना खात्री होती. पुढच्यांची खात्री त्यांनी कशी द्यावी?"

मागून व्हॅनरिक्षाची, फळी लावलेल्या तीनचाकी सायकलची, घंटी वाजली. वस्तीतला एक माणूस आजारी आईला फळीवर निजवून डॉक्टरकडे नेत होता. सवयीने गल्लीच्या रोखाने आला, फाटक बघून थबकला. मावशी लगबगीने पुढे झाल्या, आपल्या पायरीजवळच्या तुळशीच्या आणि जास्वंदीच्या कुंड्या दोन्ही हातांनी ओढून बाजूला केल्या.

"इथे वळव," त्या बंगालीत म्हणाल्या. "जागा आहे. सावकाश वळव."