भागाबाईने खोडायला लावलेला शब्द

भागाबाई गेल्याची बातमी मला नागभीडच्या स्टँडवर मिळाली. मी गडचिरोलीच्या गाडीत बसलो होतो. ओळखीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "सेक्रेटरीभाऊ, तुमची भागाबाई गेली जी. परवा. झोपेतच." खरं तर तिथेच उतरायला हवं होतं. तिचं गाव दुसऱ्या रस्त्याला. पण हातात तिकीट होतं, म्हणून मी मुकाट्याने गडचिरोलीला गेलो, तिथे स्टँडवर उतरलो आणि आपण कुठल्या कामाला आलो होतो तेच आठवेना... परतीच्या गाडीत मग बसल्या बसल्या दोन पानी श्रद्धांजली लिहून काढली. दुसऱ्या दिवशी तिच्या गावी, तिच्या अंगणात, ती वाचायला म्हणून खिशात हात घातला, तोच दाराशी बसलेली म्हातारी कौसाबाई म्हणाली, "कागद खिशातच ठेवा जी. तुमच्या कागदानं माजा हात मोडला होता एक डाव." जमलेले लोक हसले. मीही हसलो. कारण बाई खोटं बोलत नव्हती.

ती गोष्ट पन्नासचं दशक संपतानाची. चांदा जिल्हा तेव्हा अखंड होता आणि माझी अक्कलही अखंड, म्हणजे अजिबात न वापरलेली होती. मी नवा मॅट्रिक, नवा नवरा आणि ग्रामपंचायतीचा नवा सेक्रेटरी. अक्षर मोत्यासारखं, त्याची घमेंड डोंगराएवढी. गाव तलावाकाठचं, निम्मी घरं मासेमारीवर, निम्मी धानावर. नवऱ्याने मारलं म्हणून एखादी बाई पंचायतीत आली की पंच नवऱ्याला दोन शब्द सुनवत, बाईला चार, आणि शेवटी मी लिहीत असे : 'उभयतांत समेट होऊन बाई आनंदाने नांदावयास गेली.' त्यातला 'आनंदाने' माझ्या पदरचा. आनंदाने जाणारी एकही बाई मी पाहिली नव्हती. पण त्या शब्दावाचून वाक्य मला लंगडं वाटायचं.

अशात नव्या कायद्याने पंचायतीत दोन बायका घ्यायच्या ठरल्या. सरपंचांनी भागाबाईचं नाव सुचवलं. विधवा, चाळिशीची, मासे धरणारी, सही अंगठ्याची. "गप बसन बिचारी," ते म्हणाले. माणसांबद्दल सरपंचांचे अंदाज माझ्या अंदाजांइतकेच पक्के असत. सहा महिने ती खरंच दाराशी बसून नुसती ऐकत राहिली. मग कौसा तिच्या घरी पळून आली. ही आजची कौसाबाई तेव्हा अठराची असेल. पाठीवर काठीचे वळ, आणि नवरा दोन गल्ल्या पलीकडे, रोज दारात येऊन ओरडणारा.

त्या गावात तलावातली मासळी सगळ्या घरांनी मिळून धरायची रीत होती. आठवड्यातून एकदा मोठं जाळं ओढायचं, काठावर जितकी घरं तितके वाटे मांडायचे, आणि प्रत्येक वाटा घरच्या पुरुषाने उचलायचा. भागाबाई पुढच्या बैठकीत पहिल्यांदा बोलली. "जो बायकोवर हात टाकन, त्याचा वाटा त्यानं उचलाचा नाई. बायकोच्या टोपलीत टाकाचा. दंड नको, जेल नको." पंच हसले. पण तलावाच्या काठावर, सगळ्या गावासमोर रिकाम्या हाताने उभं राहणं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून हसू लवकर ओसरलं. ठराव मंजूर झाला.

तो लिहायचा होता मला. आता बाईने सांगितलं ते जसंच्या तसं लिहायचं, तर सेक्रेटरी कशाला ठेवलाय? मी लिहिलं, 'जो इसम आपल्या पत्नीस विनाकारण मारहाण करील...' तो 'विनाकारण' मी नुसता शोभेला घातला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला तो मनापासून न्यायाचा वाटला होता. भागाबाईने अंगठा उमटवण्याआधी विचारलं, "मी म्हटलं तेच लिवलं ना, भाऊ?"

"त्याच्यापेक्षा चांगलं लिहिलंय," मी म्हणालो.

त्या कागदाच्या भरवशावर तिने कौसाला परत पाठवलं. महिनाभरात कौसाचं मनगट मोडलं. नवरा पंचायतीत आला तो जराही भ्यालेला नव्हता. "कारन होतं जी. भात करपला होता. वाचा तुमचा ठराव." मी वाचला. माझं ते मोत्यासारखं अक्षर... पंचांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पुढच्या मासळीचा वाटा त्यानेच उचलला. आता बाईला पुन्हा नांदायला पाठवा, असंही वरून म्हणाला. त्याचा निकाल पुढच्या बैठकीवर गेला. भागाबाई बाहेर पडताना स्वतःशीच म्हणाली, "मीच धाडली तिले." मला शिव्या घातल्या असत्या तर मी रात्री जेवलो तरी असतो.

पुढच्या बैठकीला ती एकटी आली नाही. पंधरा-वीस बायका आणून तिने शाळेच्या व्हरांड्यात बसवल्या. आमची बैठक आत, वर्गात. कौसा हाताला बांबूच्या कामट्या बांधून तिच्या शेजारी बसली होती. भागाबाई शांतपणे म्हणाली, "सेक्रेटरीभाऊ, कोरा कागद घ्या. विनाकारन मारू नोका म्हणता, मंग कारनं तरी लिवून ठेवू. कोन्या कोन्या कारनानं मारलं तं चालते? पंचाइनं सांगावं."

पंचांना ते फार रीतसर वाटलं. मलाही. मी टाक बुडवला.

"भात करपला तं," एकजण म्हणाला. "लिवा," भागाबाई म्हणाली.

"उलटून बोलली तं." "लिवा."

"पानी आनाले उशीर झाला तं." "न पुसता मायेरी गेली तं." "लेकरू रडत राह्यलं तं." ती प्रत्येकाला लिवा म्हणत होती, मी लिहीत होतो, आणि पंचांना रंग चढत होता. सरपंच घसा खाकरून म्हणाले, "भाजीत मीठ जास्त झालं तं."

व्हरांड्यातून आवाज आला, "अन् कमी झालं तं बी लिवा! आमच्या घरी दोनीले मार हाये." तो आवाज सरपंचीणबाईंचा होता.

बायका हसल्या, एवढ्या की शेजारच्या वर्गातली मुलं डोकावली. मग एकेक आवाज येऊ लागला : हे अमक्याच्या घरचं, ते आमच्या घरचं. पंच जमिनीकडे पाहू लागले. आणि हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही... भागाबाई माझ्याकडे वळली. "तुमचं कोनतं, भाऊ?"

"मी कधी हात उचलला नाही," मी ताठ मानेने म्हणालो.

"मी हाताचं नाई पुसलं."

आठ दिवसांपूर्वी वरण थंड म्हणून मी ताट भिरकावलं होतं. भिंतीवरचा डाग अजून तसाच होता, आणि आमच्या दोन घरं सोडून भागाबाई राहत होती. यादीत सतरावं कारण मी माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलं : वरण थंड.

तिने सगळी यादी मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली. मग ती म्हणाली, "याच्यातलं एकबी होत नाई, असा कोनता दिस असते जी बाईच्या घरी?" तिने कौसाचा बांधलेला हात हलकेच वर धरला. "खोडा तो शब्द." मी सरपंचांकडे पाहिलं. ते मान न उचलता म्हणाले, "खोडा." मी इतक्या जोरात रेघ मारली की कागद फाटला.

त्या आठवड्याचा वाटा कौसाच्या टोपलीत पडला. तिला परत पाठवायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. ती भागाबाईकडेच राहिली, कायमची. नवरा सुधारला असं मात्र मी लिहिणार नाही. तो बांबू तोडायला रानात गेला तो तिकडेच राहिला. गावातला मारही एका रेघेने थांबला नाही. पण काठावर रिकाम्या हाताने उभे राहणारे दिसू लागले, आणि पुढे पुढे ते कमी होत गेले. मधे तालुक्याहून पत्र आलं, असा ठराव करण्याचा पंचायतीला अधिकार नाही, तरी तो रद्द करून कळवावे. दप्तर हरवण्याबद्दल माझी आधीच ख्याती होती. ते पत्र माझ्याकडून हरवलं. एवढी एकच चूक मी नीट विचार करून केली.

तेराव्याला बायकोला घेऊन पुन्हा त्या गावी गेलो आणि शाळेजवळच्या एका घरी मुक्काम केला. भागाबाईची एक सवय होती. रोज सकाळी तलावावर जाताना ती प्रत्येक दारापुढे थांबायची. "बाहेर ये वं बाई, उजेडात." बाई बाहेर आली की तिचं तोंड, हात न्याहाळायची आणि एक अक्षर न विचारता पुढे जायची. सणावारी नाही, पावसात नाही, कधीच तिने हे चुकवलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या सकाळी मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलो होतो. समोर कौसाबाई येऊन थांबली, कमरेवर टोपली, मनगट अजून जरा वाकडंच. "बाहेर या वं बाई, उजेडात."

माझी बायको, साठीला टेकलेली, पदर सावरत बाहेर आली. कौसाबाईने तिचं तोंड पाहिलं, दोन्ही हात पाहिले. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. का कुणास ठाऊक, मी कप खाली ठेवून उभा राहिलो.

"ठीक हाये," ती म्हणाली, आणि शेजारच्या दारापुढे जाऊन थांबली.