विहिरीच्या ओट्यावरचं धुणं

"ती विहीर तुमच्याच चर्चची ना? मग तुम्हीच जा," हेल्थ ऑफिसर मिश्रा साहेब म्हणाले. "दुसरा कोई गेला तर तुमच्या लोकांना वाटेल, जानबूझकर केलं."

"आणि मी गेलो तर बाकीच्यांना वाटेल, मी लपवलं."

"वो तो वाटेलच," असं म्हणून साहेबांनी फोन उचलला. विषय संपला.

मी तेव्हा नागपुरात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. लोक आम्हाला नाल्या हुंगत फिरणारी माणसं समजत, आणि ते फारसं चूकही नव्हतं. साथ आली की मात्र आमची किंमत वाढायची. सत्तरच्या दशकातला तो मे महिना होता. इतवारीच्या पलीकडच्या एका वस्तीत उलटी-संडासची साथ लागली होती. त्या वॉर्डाचा इन्स्पेक्टर स्वतःच आजारी पडला होता. त्याच वस्तीच्या कडेला आमचं चर्च. मी तिथला सभासद, राहायला मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. माझा आणि चर्चचा संबंध रविवारच्या उपासनेपुरता.

साथीत पहिला प्रश्न एकच: पाणी कुठलं? पहिले पेशंट सगळे इतवारीत हातठेला ओढणारे होते. उन्हात दिवसभर जिथं मिळेल तिथं पाणी पिणारी माणसं. त्यांना बाहेरून लागण झाली असणार, हे उघड होतं. पण आठवड्याभरात त्यांच्या बायका, मुलं, घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्या आजारी पडू लागल्या. याचा अर्थ आजार आता वस्तीतल्याच पाण्यात शिरला होता.

वस्तीत नळ होता, पण उन्हाळ्यात त्याला धार कमी आणि भांडणं जास्त. उरल्या दोन विहिरी. एक पलीकडच्या गल्लीतली. तिथं कुणी घागर लावावी आणि कुणी लावू नये, याचे नियम होते. ते कुठं लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. दुसरी आमच्या चर्चच्या आवारातली. तिथं कुणाला काही विचारत नसत. मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, याचा अभिमान होता, मलाही होता. चर्चमधलं जे थोडं मनापासून आवडायचं, त्यात ती विहीर होती.

विहिरीत ब्लीचिंग पावडर नियमित पडत होती. ती टाकली की पाण्यात क्लोरीन उरतो. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की पाणी पिण्याजोगं. मी सकाळी स्वतःच्या डोळ्यांसमोर पावडर टाकून घेतली. दुपारी नळी भरली. पाणी पांढरं ते पांढरंच. पुन्हा पावडर, पुन्हा पांढरं. क्लोरीन असा सहज नाहीसा होत नाही. पाण्यात घाण असली की तो तिच्यावर खर्च होतो. म्हणजे या विहिरीत घाण येत होती आणि येतच होती.

पण येणार कुठून? संडास दूर, नाली दूर, कठडा चांगला उंच. विहिरीभोवती दगडी ओटा होता आणि त्याला आवाराच्या कडेला लावलेल्या केळीकडे उतार दिलेला. मी डोकं खाजवत उभा होतो, तेवढ्यात आमच्या महिला मंडळाच्या बायका टोपल्या घेऊन आल्या. पुढे मार्थाबाई.

मार्थाबाई म्युनिसिपल शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीण. अर्धी वस्ती त्यांच्या हाताखाली बाराखडी शिकलेली. विधवा, उंच, आवाज असा की बोलल्या की माणूस आपोआप सरळ उभा राहायचा. आमच्याकडे पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पाय धुण्याचा विधी होतो. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. मार्थाबाईंनी तो विधी आपल्या मंडळात बदलून टाकला होता. लोक पाय घरूनच स्वच्छ धुऊन येतात, मग ते पुन्हा धुण्यात कसली आली सेवा, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी ज्या घरात आजारपण असेल, त्या घरचे कपडे बायकांनी आणून धुवायचे. घर हिंदूचं असो, मुसलमानाचं असो. पुढे ते गुरुवारपुरतं राहिलं नाही.

टोपल्यांत काय आहे, ते मला वासावरूनच कळलं.

"हे कपडे कुणाचे, बाई?"

"ज्याच्या घरी आजारी, त्याचे. घरंच्या घरं आडवी पडली गा भास्कर. बायका पेशंटपाशी बसतीन का गोधड्या धुतीन? नामदेवच्या दुखण्यापासून आम्हीच धुऊन राहिलो."

नामदेव म्हणजे पहिला पेशंट. इतवारीतला हातठेलेवाला. सलाईन लागलं आणि तो वाचला. आता त्याची बायको कौसल्या दवाखान्यात होती, आणि पदरात वर्षाचं पोर.

"आणि इथंच धुता? ओट्यावर?"

"मंग कुठं धुऊ? पानी इथंच हाये ना. साबन लावतो, नीळ देतो, चांगलं आपटून काढतो. काहून?"

मी बायकांना त्या दिवशी परत पाठवलं आणि ऑफिसातून तपासणीच्या रंगाची पूड आणली. ही पूड चिमूटभर असली तरी पाण्याला हिरवट रंग चढतो. जिथं बायका कपडे आपटत, तिथं ती पाण्यात कालवून ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली काढली. पाणी हिरवट होतं. आपटून आपटून ओट्याचे दगड खालून सुटले होते. वरून उतार केळीकडे दिसायचा, पण पाणी सांध्यातून थेट आत जायचं.

मी तो बादलीतला रंग बघत किती वेळ उभा होतो, देव जाणे. मला या कामात घाणेरडी हॉटेलं, चोरून जोडलेले नळ, नालीवर बांधलेले गोठे सापडले होते. अशा वेळी राग येतो आणि रागानं काम सोपं होतं. इथं राग धरायला कुणी नव्हतंच.

विहीर त्याच दिवशी फळ्या ठोकून बंद केली. टँकर मागवला. मग मंडळीचे वडील, म्हणजे कमिटीतले ज्येष्ठ, शांतवनराव, यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. माणूस भित्रा नव्हता, पण जग पाहिलेला होता.

"भास्करराव, विहीर दुरुस्तीसाठी बंद, एवढंच सांगा लोकांना."

"आणि कारण?"

"कारण सांगितलं तर उद्या काय बोलतील, माहीत आहे? ख्रिश्चनांनी विहीर नासवली. धुण्याचं कुणाला आठवणार नाही, नासवली तेवढं आठवेल. आपली घरं किती आहेत इथं? आणि मार्थाबाईंचं काय? ती बाई हे ऐकून जगेल का?"

ऑफिसात मिश्रा साहेबांचंही तेच मत पडलं. "विहीर बंद झाली ना? बस. कारण पब्लिकला कशाला? फोकट लफडं होईल."

दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. पण माझ्या डोळ्यांसमोर पलीकडच्या गल्लीतली विहीर होती. तिचा ओटाही तितकाच जुना. पेशंट अजून घरोघरी होते, कपडे रोज खराब होत होते, आणि आमची विहीर बंद झाल्यावर ते धुवायला लोक तिथंच जाणार होते. टँकर प्यायलाही पुरत नव्हता. तिथं फक्त धुऊ नका असं सांगितलं असतं, तर कुणी ऐकलं नसतं. सरकारी माणूस "नका" म्हणतो, ते या देशात कोण ऐकतो? कारण सांगायला हवं होतं, आणि कारणाला मार्थाबाईंचं नाव होतं.

मी त्यांच्या घरी गेलो. आडवळणानं सुरुवात केली. ओटा जुना झालाय, सांधे गेलेत वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"सरळ सांग. म्या धुतलेलं पानी विहिरीत गेलं का?"

"गेलं."

"आन् ते लोकाईनं पेलं."

"हो."

त्या पाटावर बसल्या होत्या. त्यांच्या हाताला साबणानं भेगा पडलेल्या होत्या. त्या रडतील असं वाटलं होतं. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "कौसल्या कशी हाये?"

कौसल्या त्या सकाळीच गेली होती. ते मी सांगितलं.

शांतवनराव आणि साहेब काय म्हणतात, तेही सांगितलं. कारण बाहेर आलं तर दगड पडतील, हेसुद्धा. त्या म्हणाल्या, "म्या बत्तीस वर्सं शाळा केली. वर्गात चुकीचं शिकवलं तं दुसऱ्या दिवशी वर्गातच सांगावं लागते, पोराहो, काल चुकलं. घरी बसून देवाले माफी मागतली, तं पोराईले काय फायदा?"

"बाई, हे शाळेतलं गणित नाही. माणूस मेलंय."

"म्हनूनच तं सांगून राहिली."

पदर खोचून त्या निघाल्या. मीही निघालो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही घरोघर गेलो. प्रत्येक दारात त्या एकच सांगत: आजाऱ्याचे कपडे म्या विहिरीच्या ओट्यावर धुतले, त्यानं पानी खराब झालं, माह्यी चूक झाली, तुमी तसं करू नका. विहिरीपासून दूर जा, ड्रमात उकळा, मंग धुवा. कुणी गप्प ऐकलं. कुणी दार लावून घेतलं. एका म्हातारीनं शिव्या दिल्या, त्या त्यांनी शेवटपर्यंत उभं राहून ऐकल्या. पलीकडच्या गल्लीतही गेल्या. जिथं त्यांची घागर कधी चालली नसती, तिथंही त्यांनी सांगितलं.

नामदेवचं घर शेवटी राहिलं. मी म्हणालो, आज नको, आजच माती देऊन आलाय. त्यांनी ऐकलं नाही.

नामदेव दारातच बसला होता. पोर त्याच्या मांडीवर झोपलेलं. मार्थाबाईंनी त्यालाही तेच सांगितलं. तेच शब्द, फक्त आवाज बसला होता. "तुह्ये कपडे धुतले गा बापू. तेच पानी कौसल्या पेली."

तो उठेल, हात उगारेल, म्हणून मी पुढे झालो. तो उठला नाही.

"काहून सांगतलं, मावशी?" तो म्हणाला. "देवानं नेली म्हनून मी मन समजावून बसलो होतो. आता काय समजावू? तुमी माह्ये कपडे धुतले, तुमच्यावर रागावताही येत नाई मले."

परतताना मार्थाबाई वाटेत एकदा भिंतीला धरून थांबल्या. मी आधार द्यायला गेलो, तर "चाल तू" म्हणाल्या.

चर्चच्या दोन खिडक्या फुटल्या. शांतवनरावांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, 'सांगितलं होतं' असं तोंडानं म्हणाले नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या विहिरीत मी रोज नळी बुडवत होतो. पाणी पिवळं येत राहिलं. तिथल्या ओट्यावर कुणी चिंधीसुद्धा धुतली नाही. बायका गल्लीच्या तोंडाशी ड्रम मांडून कपडे उकळत. साथ हळूहळू ओसरली. मिश्रा साहेबांनी माझी पाठ थोपटली. "अच्छा हुआ, बात फैल गई," म्हणाले. बात कशी आणि कुणी फैलावली, ते त्यांनी विचारलं नाही.

नामदेव पोराला घेऊन उमरेडकडे बहिणीच्या गावी निघून गेला. महिला मंडळ पुन्हा टोपल्या घेऊन निघालं, पण घरोघर नकारच मिळाला. नको मावशी, आमी धुतो घरी. कुणी रागानं म्हणत नसे, म्हणून ते जास्त लागायचं. पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांनी, एका रविवारी प्रवचनात मार्थाबाईंच्या धैर्याची साक्ष द्यायचं ठरवलं. नाव ऐकताच त्या उठून बाहेर गेल्या. तेव्हापासून कधी त्यांच्या तोंडावर कुणी तो विषय काढला नाही. प्रीतीनं केलेल्या सेवेचं फळ असं का यावं, हे मी पुष्कळ वेळा प्रार्थनेत विचारलं आहे. अजून तरी समजलेलं नाही.

पुढे नव्या इन्स्पेक्टरांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. साथ लागली की ते आधी वस्तीत गुन्हेगार शोधायला निघत: कुणी पाण्यात काय टाकलं, कुणाचा नळ चोरीचा. मी त्यांना सांगायचो, ते नंतर बघा. आधी बघा, मदतीला कोण धावतंय, आणि ते आपले हात कुठं धुतात.

पोरं हसायची. त्यांना तो विनोद वाटायचा.