लाईट गेल्यावर चालणारा कॉम्प्युटर

आमच्या फोल्डिंग खात्यात, म्हणजे कापड तपासून घड्या घालतात तिथे, सकाळी झाडू मारला तरी दुपारपर्यंत पुन्हा रुई साचते. खाली चाळीस लूम, म्हणजे यंत्रमाग, वरच्या माळ्यावर आम्ही. टेबलावर, कपात, भुवयांवर रुई. किश्श्यांचंही तसंच असतं. कुणी मुद्दाम गोळा करत नाही, पण एक दिवस हात फिरवला की मूठ भरते. मी रोज वही लिहितो, म्हणून माझ्याकडे जरा जास्त साचलेत इतकंच.

हल्ली ओळखीतलं कुणी छोटा, परवडणारा लॅपटॉप शोधायला लागलं की माझ्याकडे येतं. "मास्तर, सकीनाआपांनी कसा निवडला ते तुमच्या वहीत आहे ना?"

आहे. पण त्या पानांवरून तुमचा लॅपटॉप निवडता येईलच असं नाही. भिवंडीत राहत असाल तर कदाचित येईल.

* * *

आधी वहीचं सांगतो. मी निजामपुऱ्यातल्या इस्माईलशेठच्या कारखान्यात कापड तपासतो. कुठे धागा तुटला, कुठे डाग पडला, ते टिपायचं. शिक्षण सातवी. 'मास्तर' हे नाव वहीमुळे पडलं. माझ्या एका वहीत फक्त लाईट जाण्याच्या नोंदी आहेत. तीन रकाने: गेली, आली, कारण.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. इस्माईलशेठचा माल जयंतीशेठ नावाच्या व्यापाऱ्याकडे उशिरा पोचणार होता. शेठ वर आले, माझ्याशेजारी बसले, चहा मागवला. तेव्हाच मला संशय आला.

"मास्तर, तुमच्या वहीत जरा लिहा ना, दोन दिवस लाईट नव्हती. जयंतीशेठ तुमची वही मानतो."

"शेठ, लाईट होती."

"अरे, एक ओळ तर आहे."

"शेठ, खोटी एक ओळ लिहिली की बाकीची वही रद्दीत जाते."

शेठ चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जयंतीशेठसमोर दुसऱ्याच एका भानगडीत माझ्या वहीचा पुरावा काढून बसले, आणि सुटले. तेव्हापासून सगळ्या कारखान्यात म्हण झाली: सूर्य चुकेल, मास्तरची नोंद चुकणार नाही.

* * *

आता सकीनाआपा. कापडावर नक्षी हवी असेल तर लूमला डॉबी बसवतात. डॉबीला लाकडी पट्ट्यांची माळ असते आणि पट्ट्यांना भोकं. कुठल्या भोकात खुंटी ठोकायची आणि कुठलं रिकामं ठेवायचं, हे चौकटीच्या कागदावर काढून द्यावं लागतं. काळं घर म्हणजे खुंटी, पांढरं घर म्हणजे रिकामं. ते कागद आपांचे अब्बा काढायचे.

अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तरी वर्षभर कागद वेळेवर येत राहिले. शेठ मोहल्लाभर सांगत, "बडे मियाँचा हात बघा, म्हातारपणी अजून साफ झालाय."

एकदा जयंतीशेठना उभ्या उभ्या नक्षीत बदल हवा होता. शेठ त्यांना घेऊन थेट घरी गेले. अब्बा खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. कागदावर वाकलेल्या आपा होत्या, बोटं शाईनं काळी.

शेठ म्हणाले, "हे काय? मी तर बडे मियाँना काम दिलंय."

आपांनी मान वर केली नाही. "शेठ, वर्षभर मी चालले ना? मग आजपासून काय बिघडलं? बदल सांगा."

जयंतीशेठनी बदल सांगितला. पुढच्या महिन्यापासून आपा आमच्या खात्यात खिडकीजवळच्या टेबलावर बसायला लागल्या. अजून तिथेच आहेत. पण मध्ये ते टेबल सुटता सुटता राहिलं, त्याचेच हे पुढचे किस्से.

* * *

शहाण्णव साली शेठनी मोठा कॉम्प्युटर आणला. नारळ फोडला, हार घातला, आणि तो आमच्या माळ्यावर, बरोबर चाळीस लूमच्या डोक्यावर ठेवला. आमची जमीन दिवसभर थरथरते. आम्हाला ते कळतही नाही. पाहुणा आला तर विचारतो, भूकंप आहे का.

तिसऱ्या आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडला. मुंबईहून मेकॅनिक आला. त्यानं पेटी उघडली. आतल्या पंख्यानं सगळ्या खात्याची रुई ओढून घेतली होती.

आमचा जॉबर काशिनाथ, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, पडघ्याकडचा गडी. तो वाकून बघत म्हणाला, "ही गादी भरायची मशीन हाय का?"

मेकॅनिकनं रुई काढली. मग सांगितलं, आतली डिस्क थरथरीनं खरवडली गेली, आता उपयोग नाही. रिपोर्टवर लिहिलं, 'जागा अयोग्य'.

शेठनी निकाल दिला, "भिवंडीत कॉम्प्युटर टिकत नाही."

नेमकं त्याच सुमारास जयंतीशेठचा निरोप आला. त्यांच्या पार्ट्यांना, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकांना, आता नक्षी फ्लॉपीवर लागते, कागद नको. गावाबाहेरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये एक कॉम्प्युटर सेंटर निघालं होतं. त्याचा मालक टाय लावून आला. म्हणाला, सगळं नक्षीकाम मी करून देतो.

शेठ आपांना म्हणाले, "आपा, मी काही कुणाच्या पोटावर पाय देत नाही. दिवाळीपर्यंत बघू. ज्याच्या हातून फ्लॉपी येईल, काम त्याचं."

आपा म्हणाल्या, "ठीक आहे. मग मी माझा कॉम्प्युटर घेते. छोटा. हातात मावेल असा."

सेंटरवाला हसला. "आपा, मोठा टिकला नाही तिथे छोटा काय टिकणार?"

"मोठा नवरा टिकला नाही म्हणून काय बाईनं जगायचं नाही?" आपा म्हणाल्या. त्या विधवा आहेत. सेंटरवाल्यानं अर्धा चहा तसाच ठेवला.

* * *

आम्ही तिघं एसटीनं मुंबईला गेलो. आपा, काशिनाथ आणि मी. नवा लॅपटॉप परवडण्यातला नव्हताच, म्हणून जुन्यांचं दुकान शोधलं. दुकानदारानं चार मांडले आणि सगळ्यात चकचकीत पुढे केला.

"बाई, हा घ्या. मल्टिमीडिया. यात गाणी ऐकता येतात."

"मी चाळीस लूमच्या वर बसते," आपा म्हणाल्या. "मला माझा खोकलासुद्धा ऐकू येत नाही."

दुकानदारानं दुसरा चालू केला. काशिनाथनं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याचं टोक लॅपटॉपच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. लूमचा रोग तो असाच ओळखतो.

दुकानदार ओरडला, "अहो, ओरखडा पडेल!"

"बेरिंग गेलाय ह्याचा," काशिनाथ म्हणाला.

"यात बेरिंग नसतं, भाऊ. हा लॅपटॉप आहे."

"फिरतंय ना आत काय तरी? जे फिरतंय त्याला बेरिंग हाय."

मागे दुकानाचाच मेकॅनिक बसला होता. तो उठून आला. त्यानं कान लावला, आणि मालकाकडे न बघता हळूच म्हणाला, "डिस्क जाणार आहे याची. मी कालच सांगितलं होतं."

त्यानंतर दुकानदार काशिनाथला 'भाऊ' न म्हणता 'शेठ' म्हणायला लागला.

* * *

कोपऱ्यात पुड्यांच्या खाली एक छोटा लॅपटॉप होता. आपांनी तो ओढून काढला.

"तो नका बघू," दुकानदार म्हणाला. "स्क्रीन काळी-पांढरी. रंगच नाही. वर्षभर पडलाय, कुणी घेत नाही."

"माझी घरं काळी-पांढरीच असतात. खुंटी आहे नाहीतर नाही. त्याला रंग कशाला?"

"पण स्क्रीन केवढीशी!"

"आमच्या डॉबीला धागे उचलणाऱ्या सोळा फ्रेम. नक्षी सोळा घरांची. इथे किती घरं मावतात?"

दुकानदारानं हिशेबाचा प्रोग्रॅम उघडला. स्क्रीनभर चौकोन. आपांनी रकाने अरुंद करायला लावले. आपल्या कागदावर असतात तसेच चौकोन दिसायला लागले, तशी त्यांनी पदर खोचला आणि एकेका घरात फुली मारायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, या प्रोग्रॅमचा असा वापर त्यानं पाहिला नव्हता.

"पंखा आहे का याला?"

"नाही. छोटा आहे ना, गरम होत नाही."

"म्हणजे रुई ओढणार नाही. बॅटरी किती चालते?"

"दीड तास. पण बाई, वायर लावून चालवा ना, बॅटरी कशाला?"

आपा माझ्याकडे वळल्या. "मास्तर, आपल्याकडे लाईट गेली की किती वेळ जाते?"

मी वही नेली होती. मागच्या दोन वर्षांची पानं उलटली. "बहुतेक वेळा तास, सव्वा तास. दुपारी जास्त."

"मग पुरेल."

दुकानदार तिघांकडे आळीपाळीनं बघत होता. आपांनी त्याला समजावलं. लाईट असली की लूम चालतात. लूम चालले की जमीन हलते आणि डिस्क खरवडते. घरी न्यायचा तर घराच्या तिन्ही बाजूंना लूम. लाईट गेली की सगळं थांबतं. तेवढ्यात काम करायचं.

"म्हणजे तुम्ही हा फक्त लाईट नसताना चालवणार?"

"हो."

"आणि लाईट असताना?"

"चार्ज करणार."

त्यानं काहीही घासाघीस न करता आम्ही म्हणालो त्या भावात दिला. मला वाटतं, आम्ही लवकर जावं असं त्याला वाटत होतं.

* * *

पहिल्यांदा लाईट गेली तेव्हाचं दृश्य मी विसरणार नाही. लूम थांबले की आमच्याकडे माणसं कानाला हात लावतात, एवढी ती शांतता टोचते. लूमवाले बाहेर येऊन पायरीवर बसले, बिड्या निघाल्या. वर आपांनी झाकण उघडलं आणि टकटक सुरू झाली.

रामलखन हा आमचा सगळ्यात जुना लूमवाला, जौनपूरकडचा. तो जिन्यातून डोकावला आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, "सबकी छुट्टी, आपा की ड्यूटी."

तेव्हापासून लाईट गेली की खालून हाक यायची, "आपा, ड्यूटी!" आणि महिनाभर लाईट नीट गेलीच नाही. आम्ही आयुष्यभर लाईट जाऊ नये म्हणून नवस बोललेली माणसं. तो एक महिना मी वहीत 'गेली' हा रकाना जवळजवळ रिकामा बघून हळहळत होतो. काशिनाथ तर आकाशाकडे बघून म्हणायचा, "पाहिजे तवा जात न्हाय ही."

तरी पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी आपा शिकल्या. दिवाळी आठवड्यावर आली होती.

* * *

अशाच एका दुपारी जयंतीशेठ स्वतः आले. सोबत सेंटरवाला, हातात रंगीत कागदावर छापलेली नक्षी आणि फ्लॉपी. कागद देखणा होता, आम्ही सगळे बघत राहिलो. इस्माईलशेठ खूश झाले.

काशिनाथनं कागद हातात घेतला आणि नखानं घरं मोजली. पुन्हा मोजली.

"ही वीस घरं हायत. आमची डॉबी सोळाची. चार फ्रेम काय तुमच्या घरून आणू?"

सेंटरवाला म्हणाला, "मशीन बदला. जमाना कुठे गेला."

"मला जमाना नको, कापड पाहिजे," जयंतीशेठ म्हणाले. "आपा, ही नक्षी सोळात बसेल?"

"बसेल."

"मग आत्ता फ्लॉपी द्या. गाडी खाली उभी आहे, संध्याकाळी पार्टीला पोचवायची."

सेंटरवाला म्हणाला, "मी उद्या सकाळी देतो."

"आज."

आपांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि झाकणावर हात ठेवून थांबल्या. खाली चाळीस लूम धडधडत होते. जयंतीशेठच्या ग्लासातल्या चहावर बारीक लाटा उठत होत्या. सेंटरवाल्याच्या लक्षात आलं.

"उघडा ना, आपा. की लाईट जायची वाट बघायची?"

काशिनाथ उठला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. लूमच्या आवाजात आम्ही तोंडानं बोलत नाही, हातानं बोलतो. त्यानं तळवा खाली धरला आणि सावकाश दाबला. मग बोट आपांच्या खिडकीकडे केलं.

इथे एक सांगायला हवं. लूमवाल्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर असते. लूम थांबला की तीही थांबते.

पहिला लूम रामलखनचा थांबला. मग शेजारचा. मग एकेक करत आवाज पातळ होत गेला, आणि शेवटचा थांबला तेव्हा ग्लासातला चहा सपाट झाला.

इस्माईलशेठ जिन्याकडे धावले. "कोणी बंद केले? लाईट तर आहे!"

खाली पायरीवर बिड्या निघाल्या.

आपांनी झाकण उघडलं. पंचवीस मिनिटं त्यांच्या बोटांशिवाय कशाचाही आवाज नव्हता. मग फ्लॉपी बाहेर आली. जयंतीशेठनी ती खिशात टाकली, दिवाळीनंतरच्या नक्षीचे नमुने आपांच्या टेबलावर ठेवले, आणि सेंटरवाल्याला म्हणाले, "तुम्ही चहा घेऊन जा."

मी वही घेऊन खाली उतरलो. रामलखन लूम चालू करायला दांडा ओढायच्या बेतात होता. मी त्याला विचारलं, तीन दहा ते तीन पस्तीस लूम बंद होते, काय लिहू?

त्याच्या डोक्यावर बल्ब लखलखीत पेटलेला होता.

"लिखो मास्तर, लाईट गई थी."

मी लिहिलं.