घंगाळातलं साहेबी सरबत

माझं लग्न एका सरबतानं मोडलं. लोकांची लग्नं हुंड्यावरून मोडतात, पत्रिकेवरून मोडतात. आम्हा बौद्धांत पत्रिका बघत न्हाईत आणि हुंडा मुलाकडच्यांनी मागितला नव्हता, तर हे सरबत आडवं आलं.

तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, मी अंबडजवळच्या आमच्या गावात शाळेवर मास्तरीण होते. वडील नव्हते. घरात मी आणि माय. थोरला भाऊ फौजेत, पुण्याला साहेबांच्या मेसमध्ये वाढपी. मुलगा माझ्याच शाळेतला मास्तर, वडीगोद्रीचा. आमचं एकमेकांवर मन बसलं होतं, आता लपवून काय करायचंय? फक्त त्याच्या वडलांचा होकार बाकी होता. म्हातारा मोठा करारी. छप्पन साली धर्म बदलला त्या दिवशी त्यांनी दारू सोडली आणि तेव्हापासून गावोगाव हिंडून लोकांची सोडवत होते.

ते बघायला येणार म्हणून दादा रजा काढून आल्ता. आल्या आल्या त्यानं मायला सांगितलं, पोहे-चहा तू कर, सरबत माझं.

"जल्मभर साहेबांच्या पाहुण्यांना गारगार पाजलं. आता माझ्या बहिणीच्या पाहुण्यांना पाजतो. मेसमधी पंच म्हणतात त्याला."

जालन्याहून एस.टी.नं भुशात गुंडाळून बर्फ आणला. अंबडच्या बाजारातून मोसंब्या, काळी द्राक्षं, डाळिंबं. मेसमध्ये म्हणे काचेचं मोठं भांडं असतं. आमच्याकडं कुठलं? त्यानं पितळी घंगाळ काढलं आणि चिंच लावून घासायला बसला.

"लेकरा, आंघोळीचं हाय ते," माय म्हणाली.

"म्हणून तर घासून राह्यलो," दादा म्हणाला.

मी आत साडी नेसत होते. ट्रंकेतून गोव्याची वाईनची बाटली त्यानं कधी काढली अन् कधी ओतली, ते ना मी पाह्यलं, ना मायनं.

पाहुणे आले. आमच्यात रीत अशी, की शुभकार्याला बुद्धापुढं मेणबत्ती लावायची आणि सगळ्यांनी मिळून पंचशील म्हणायचं. पाचवं शील दारू न पिण्याचं. दादानं ते सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. माझा दादा ढोंगी नव्हता. त्याच्या लेखी दारू म्हणजे रम, न्हाईतर गावची हातभट्टी. साहेबांच्या बायका फळांच्या फोडी चघळत पितात ते सरबतच. मला त्याचा अजून राग येतो आणि अजून रडूही येतं.

मग त्यानं पांढरा रुमाल हातावर टाकून, वाकून एकेकाला ग्लास दिला. म्हाताऱ्यानं एक संपवला, दुसरा मागितला. माझा जीव भांड्यात पडला.

"झकास झालंय. काय घातलंस रं पोरा यात?"

दादा ताठ उभा राह्यला. "वाईन हाय काका. गोव्याची. अस्सल."

म्हाताऱ्यानं ग्लास खाली ठेवला. अंगणात गेले, घशात बोटं घातली आणि सगळं ओकून टाकलं. मायनं पाण्याचा तांब्या दिला, तर त्यांनी चूळ भरली आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्या मनात पाप न्हाई पोरा," ते म्हणाले. "पण माझं शील या घरात मोडलं. आता कोणत्या तोंडानं लोकांना सांगत फिरू? या घराशी सोयरीक न्हाई व्हायची."

मी मुलाकडं बघितलं. वर्गात पोरांना "खणखणीत बोला रे" म्हणून दटावणारा माणूस. बापापुढं त्याच्या तोंडून शब्द फुटला न्हाई. अर्धा ग्लास तसाच ठेवून तो चपला घालून निघून गेला. मला असा संताप आला, की तो अजून पुरता गेला न्हाई.

दादा घंगाळाशेजारी भुईवर बसला. "दारू न्हाई गं बये ती, बिलकुल न्हाई," तो म्हणत राह्यला. "कर्नलची म्हातारी सासू पीत होती."

माय पदर तोंडाला लावून चुलीपुढं बसली होती. थोड्या वेळानं दादानं मला विचारलं, "तू चाखलं का गं?"

मी चाखलं नव्हतं. पाहुण्यांच्या आधी घरच्यांनी कशाला तोंड लावायचं? मी पुढं झाले आणि त्या मास्तराचा अर्धा ग्लास उचलला. थोड्या वेळापूर्वी माझ्याच तोंडानं शील म्हटलं होतं. तरी पिऊन टाकला. बर्फ वितळून गेल्ता. मोसंबी, डाळिंबाचे दाणे आणि मागून जरासं तुरट.

"गोड झालंय दादा," मी म्हणाले. तेव्हा तो रडला, लहान पोरासारखा हमसून हमसून.

पुढं माझं लग्न झालं न्हाई. मी होऊ दिलं न्हाई. दादा दर रजेला घरी यायचा. पण दारात कुणी पाहुणा आला, की तो माणूस, ज्याची सगळी नोकरी दुसऱ्याला पाजण्यात गेली, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात घ्यायचा न्हाई. म्हणायचा, "तू दे."